श्रद्धेचा ग्रंथ आणि विद्यापीठाचा वर्ग: धर्मानंद कोसंबी यांचे अध्यापन

'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ परीक्षेसाठी लिहिलेला नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष भारतातून सिंहलद्वीपाला गेले, अनुराधपूरच्या महाविहारात राहिले आणि तिथल्या सिंहली अट्ठकथांच्या, म्हणजे पारंपरिक टीकांच्या, आधारे त्यांनी तो पालीत रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्याची तीन अंगे, आणि परिच्छेद २३. साधकाने राहण्यासाठी विहार कसा निवडावा, कोणत्या स्वभावाच्या माणसाला ४० कम्मट्ठानांपैकी, म्हणजे ध्यानविषयांपैकी, कोणते मानवेल, पृथ्वीकसिणासाठी अरुणवर्णी मातीचे मंडल कसे करावे, श्वासावर चित्त कसे टिकवावे, अशा गोष्टी त्यात कमालीच्या बारकाईने सांगितल्या आहेत. 'करणाऱ्या'साठी लिहिलेला हा ग्रंथ आहे. 'जाणणारा' त्याच्या लेखी करणाऱ्याच्या पोटात येतो, वेगळा उभा राहत नाही.

असा ग्रंथ तिसऱ्याच देशातल्या विद्यापीठात, परक्या लिपीत, वेगळ्या धर्माच्या तरुणांपुढे उघडला, तर जे शिकवले जाते ते त्या ग्रंथाचे ज्ञान असते की त्या ग्रंथाविषयीची माहिती? आणि जो शिकवतो तो कोण असावा, त्या मार्गाने चाललेला की त्या मार्गाकडे लांबून पाहणारा? धर्माच्या तत्त्वज्ञानात हा प्रश्न आतल्या आणि बाहेरच्या दृष्टीचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. त्यावर ग्रंथ पुष्कळ झाले आहेत. पण गोव्याच्या साखवाळ गावात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्या अध्यापकीय आयुष्यात तो जितक्या ठिकाणी आणि जितक्या अडचणीच्या रूपात उभा राहिला, तितका क्वचितच दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल. कोलकाता, पुणे, अहमदाबाद, काशी, अमेरिकेतले केंब्रिज आणि रशियातले लेनिनग्राड एवढ्या ठिकाणी त्यांनी पालीचे आणि बौद्ध विद्येचे काम केले. विद्यापीठाची एकही पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

कोसंबींचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात नारळीच्या बागा सांभाळणाऱ्या घरात ते वाढले. तुकारामांच्या अभंगांनी त्यांना वाचनाची ओढ लावली आणि 'बालबोध' मासिकात आलेल्या बुद्धचरित्राने आयुष्याची दिशा ठरवली. विवाह झालेला, घरची जबाबदारी अंगावर, तरी १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. तिथून ग्वाल्हेरमार्गे काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणे, मग नेपाळ, मग बोधगया, असा त्यांचा प्रवास झाला. नेपाळने निराशा केली. बुद्धाच्या जन्मभूमीच्या परिसरात बुद्धाचा धर्म शिकवणारा कुणी भेटेना. शेवटी १९०२ मध्ये ते कोलंबोला पोहोचले आणि हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या विद्योदय परिवेणात त्यांनी पालीला सुरुवात केली. तिथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात सगाईंगच्या टेकड्यांत, जर्मनीहून येऊन भिक्षू झालेल्या ज्ञानतिलोकांच्या सोबतीने, त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

आज विद्यापीठाचे 'आंतरराष्ट्रीयीकरण' म्हटले की परदेशी विद्यार्थी आणणे, आपले विद्यार्थी बाहेर धाडणे, करारांवर सह्या करणे असे चित्र डोळ्यांपुढे येते. त्यात ज्ञान कुठल्या तरी केंद्रात आहे आणि तिथून ते बाहेर न्यायचे किंवा तिथे जाऊन घ्यायचे आहे, असे गृहीत धरलेले असते. कोसंबींच्या काळच्या बौद्ध विद्येला हे गृहीतक लागूच पडत नव्हते. जिथे हा धर्म उपजला तिथे तो शिल्लक नव्हता. त्याचे ग्रंथ सिंहल, ब्रह्मदेश आणि सयाममध्ये होते. त्यांचे मुद्रण आणि चिकित्सा १८८१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीत चालली होती. आणि भारतीय माणसाला आपल्याच इतिहासातला एक मोठा आचार्य वाचण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत होता. परंपरेचा 'आतला' माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर इथेच डळमळते. कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण, देशाने बुद्धाच्या भूमीतले, दीक्षेने सिंहली संघातले. सिंहली भिक्षूंच्या दृष्टीने ते बाहेरून आलेले, अमेरिकी प्राध्यापकांच्या दृष्टीने मुळातले जाणकार, आणि काशीच्या पंडितांच्या दृष्टीने दोन्हीकडून गेलेले. आतला आणि बाहेरचा ही विभागणी तत्त्वचर्चेत सोयीची वाटते खरी, पण चालत्याबोलत्या माणसाला ती लावू गेले की फार काळ टिकत नाही.

कोलंबोत आणि सगाईंगमध्ये शिकण्याची अट होती ती गुरूच्या घरची. राहणे, जेवणे, वस्त्र, दिनचर्या हे सगळे विनयाच्या, म्हणजे भिक्षुनियमांच्या, चौकटीत, आणि त्या चौकटीतच विद्या. तिथे ग्रंथाचा अर्थ अट्ठकथा सांगतात तो. अट्ठकथेपुढे शंका काढता येते, पण ती समजून घेण्यासाठी. अट्ठकथा खोडण्यासाठी नव्हे. १९०६ मध्ये कोसंबी चीवर उतरवून पुन्हा गृहस्थवेषात आले आणि कोलकात्याला नव्याने निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी त्यांना कोलकाता विद्यापीठात घेतले. या बदलाचा अर्थ केवळ वेषापुरता नव्हता. विद्यापीठात पाली शिकायला दीक्षा लागत नाही. शुल्क भरणारा कुणीही वर्गात बसतो. शिकवणाऱ्याला श्रद्धेची खूण दाखवावी लागत नाही. आणि विद्यार्थ्याला गुरूच्या म्हणण्याविरुद्ध उत्तरपत्रिका लिहूनही उत्तीर्ण होता येते.

या मोकळिकीला बौद्ध परंपरेतूनच आधार आहे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की आपण काही गोष्टी शिष्यांपासून मुठीत झाकून ठेवलेल्या नाहीत. आतला उपदेश आणि बाहेरचा उपदेश असा भेद केलेला नाही. अंगुत्तर निकायातल्या कालामांच्या सुत्तात, केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश आहे. विद्यापीठाला हवी असलेली मोकळीक यात सापडते, आणि बौद्ध विद्येचे आधुनिक समर्थक ती वारंवार पुढे करतात. मात्र त्यांच्या नजरेतून एक गोष्ट बहुधा निसटते. कालामांना सांगितलेली पारख ही आचरणाची पारख आहे: अमुक केल्याने अहित होते का हित, लोभ वाढतो का कमी होतो, हे स्वतः जाणून ठरवा. वाङ्मयीन चिकित्सेतली पारख, म्हणजे पाठभेद कोणता जुना, सुत्त कोणत्या थरातले, ही त्याहून वेगळी. विद्यापीठाने दुसरी पारख घेतली आणि पहिली वर्गाबाहेर ठेवली. यात फसवणूक नाही, मर्यादा आहे. पण मर्यादा आहे हे मान्य करायला हवे.

कोलकात्यात बस्तान बसत असताना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा, वर्षाला एखादे पुस्तक लिहा. बडोदा संस्थान तीन वर्षे दरमहा ५० रुपये देईल. कोसंबींनी विद्यापीठाची बरीच अधिक पगाराची नोकरी सोडली आणि हे ५० रुपये पत्करले. मराठी माणसांना बुद्ध मराठीत कळावा, हे त्यामागचे कारण. १९१० मध्ये निघालेले 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्याचे पहिले मोठे फळ. याच सुमारास त्यांनी डॉ. भांडारकरांकडे आग्रह धरला आणि त्यांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे आणि ना. के. भागवत हे त्यांचे तिथले विद्यार्थी.

मधल्या काळात हार्वर्ड येऊन गेले होते. हेन्री क्लार्क वॉरन हे हार्वर्डचे एक श्रीमंत आणि अपंग विद्वान. १८९६ मध्ये त्यांनी पाली उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते, आणि 'विसुद्धिमग्गा'ची रोमन लिपीतली चिकित्सक आवृत्ती हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम होते. १८९९ मध्ये ते वारले, तेव्हा ते काम अपुरे राहिले. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचे संपादक चार्ल्स लॅनमन यांना ते पुरे करायचे होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची आणि कोसंबींची भारतात भेट झाली, आणि वुड्स यांच्यामार्फत निमंत्रण आले. हेच वुड्स पुढे १९१४ मध्ये पातंजल योगसूत्रांचे भाषांतर प्रसिद्ध करणार होते, आणि लॅनमन-वुड्स यांच्याकडेच टी. एस. एलियट हा तरुण संस्कृत आणि योगदर्शन शिकणार होता. १९१० मध्ये कोसंबी केंब्रिजला गेले.

तिथे दोन विद्यापद्धती आमनेसामने आल्या. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतली हस्तलिखिते ताडून पाहायची, शब्दाशब्दाचे पाठभेद नोंदवायचे, उद्धृतांची मूळ स्थळे शोधायची ही युरोपीय भाषाशास्त्राची शिस्त. कोसंबींनी ती आत्मसात केली. पण पाठ ठरवताना एक वेगळीच शक्ती त्यांच्याजवळ होती. ज्याने कम्मट्ठान गुरूकडून घेतले आहे त्याला अमुक वाक्य कोणत्या क्रियेचे वर्णन करते हे ठाऊक असते, आणि नकलकाराची चूक त्याला लवकर दिसते. चिकित्सा आणि आचरण एकमेकांच्या आड येतात असे समजणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावी. साधनेचा ग्रंथ नीट छापायलाही साधनेची ओळख उपयोगी पडते.

तरीही काम पुरे झाले नाही. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे यावे यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचे जमेना, आणि १९१२ मध्ये काम टाकून कोसंबी परतले. १९१८ मध्ये मुलांना घेऊन ते पुन्हा गेले, १९२२ पर्यंत राहिले, पुन्हा मतभेद. तिसऱ्यांदा १९२६ मध्ये गेले, तेव्हा लॅनमन निवृत्त झालेले होते आणि काम हातावेगळे झाले. त्यांचा मुलगा दामोदर, पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झालेला, १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. ग्रंथ मात्र छापून निघाला तो १९५० मध्ये, सिरीजचा ४१ वा खंड म्हणून: संपादक वॉरन, संशोधन कोसंबी. तोवर लंडनची पाली टेक्स्ट सोसायटीची आवृत्ती १९२०-२१ मध्येच येऊन गेली होती, आणि कोसंबीही हयात नव्हते.

नावाचा हा वाद क्षुल्लक मानभंगाची गोष्ट म्हणून सोडून देणे चुकीचे होईल. ज्ञान कोणाचे, या प्रश्नाचा तो व्यवहारातला चेहरा आहे. संघात कर्तृत्वाचे श्रेय हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. बुद्धघोषांनी आपण महाविहाराच्या परंपरेने सांगितले तेच सांगतो असे म्हटले, आणि तेच त्यांचे प्रामाण्य. विद्यापीठात प्रामाण्य नावाला चिकटलेले असते. विद्यापीठालाही स्वतःचा विनय आहे: मुखपृष्ठ, तळटीप, संपादकाचा क्रम. परदेशातून येणाऱ्या विद्वानाला हा विनय पाळायला सांगितले जाते, पण त्या विनयाने दिलेले हक्क त्याला तितक्या तत्परतेने मिळत नाहीत. 'देशी जाणकार' हे सहायकाचे पद ठरते आणि 'विद्वान' हे दुसऱ्या कुणाचे. कोसंबींनी हा हिशेब मान्य केला नाही. विद्येच्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंना निर्णयाचा सारखा अधिकार नसेल तर ती देवाणघेवाण उरत नाही, एवढे या प्रकरणातून स्पष्ट होते. आणि आजच्या करारबद्ध 'सहकार्या'तही हीच पहिली कसोटी लावायला हरकत नाही.

लिपीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. पालीची स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मीत, सयाम-कंबोडियात तिथल्या लिपीत, युरोपात रोमनमध्ये लिहितात. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले दोन भाऊ भिक्षू होऊन बुद्धांकडे तक्रार करतात की नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छांदस भाषेत बांधून ठेवू या. बुद्धांनी त्यांना नकार दिला आणि आपल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. ही 'आपली' भाषा शिकणाऱ्याची की बुद्धांची, यावर आचार्यांत आणि आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वतः बुद्धघोषांनी तिचा अर्थ मागधी असा लावला आणि दार एकाच भाषेपुरते उघडे ठेवले. कोसंबींची कृती शिकणाऱ्याच्या भाषेच्या बाजूची आहे. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांचा 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत प्रसिद्ध केला. हार्वर्डच्या आवृत्तीआधी दहा वर्षे. १९४१ मध्ये 'अभिधम्मत्थसंगहा'वर त्यांची 'नवनीत' टीका आणि १९४३ मध्ये 'विसुद्धिमग्गा'वरची 'दीपिका' आली. परदेशी लिपी शिकण्याचा उंबरठा त्यांनी भारतीय विद्यार्थ्यापुरता काढून टाकला. पुढे मुंबई विद्यापीठाने देवनागरीत पाली ग्रंथांची माला काढली, तिचे बरेचसे संपादन ना. के. भागवतांनी केले, आणि १९५६ ते १९६१ या काळात नालंदाहून भिक्षू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली सगळे तिपिटक देवनागरीत ४१ खंडांत आले.

लेनिनग्राडचा मुक्काम छोटा होता. फ्योदर श्चेर्बात्स्की यांनी १९२९ मध्ये तिथल्या बौद्ध संस्कृतीच्या संस्थेसाठी कोसंबींना बोलावले. थंडी सोसवेना म्हणून ते काही महिन्यांत परत आले. पण श्चेर्बात्स्कींचा बौद्ध धर्म कोसंबींच्या बौद्ध धर्माहून फार वेगळा होता: दिङ्नाग-धर्मकीर्तींचे तर्कशास्त्र, संस्कृत आणि तिबेटी ग्रंथ, शून्यवादाची कांटशी तुलना. पाली निकायांतल्या साध्या उपदेशाला मूळ मानणाऱ्या कोसंबींना यात नंतरच्या शतकांनी चढवलेला साज दिसला असणार. अशा दोन टोकांच्या विद्वानांनी एका संस्थेत बसणे हीच त्या संस्थेची किंमत होती. पुढे १९३७ च्या सुमारास स्टालिनी दडपशाहीने लेनिनग्राडची ही शाळा संपवली. ए. आय. वोस्त्रिकोव यांच्यासारख्या अभ्यासकांना प्राण गमवावे लागले. धर्माचा चिकित्सक अभ्यास म्हणजे धर्मप्रचार नव्हे, हे राज्यसत्तेला समजावून सांगता येत नाही तेव्हा काय होते याचे हे उदाहरण आहे.

अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात कोसंबी १९२२ ते १९२५ होते. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या या विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय, पंडित सुखलाल आणि बेचरदास दोशी हे जैन विद्येचे पंडित त्यांचे सहकारी. सरकारी मान्यता नाकारलेली, परीक्षेची पदवी बाजारात चालत नाही, आणि वर्गात जैन व बौद्ध आगम शेजारी ठेवून वाचले जातात, असे हे विद्यापीठ होते. इथेच १९२५ मध्ये त्यांचे 'समाधिमार्ग' हे पुस्तक निघाले. त्यात 'विसुद्धिमग्गा'तला ध्यानभाग साध्या भाषेत उतरवलेला आहे: हार्वर्डला ज्याचे पाठभेद नोंदवले तेच इथे सामान्य वाचकाला करून पाहण्यासाठी. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कोसंबी तुरुंगातही गेले.

आता मूळ प्रश्नाची अवघड बाजू. हार्वर्डमध्येच पुढे धर्मांच्या अभ्यासाचे केंद्र चालवणारे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५९ मधल्या एका निबंधात असे म्हटले की एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांना मान्य होत नसेल तर ते ग्राह्य धरू नये. वरवर हा अतिशय सभ्य नियम आहे. परक्या धर्मावर बेफिकीर बोलणाऱ्या वसाहतकालीन पंडितांना तो आवश्यकही होता. पण कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाला तो लावून पाहावा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा शतकानुशतके बौद्ध देशांत विहारांच्या भिंतींवर रंगवलेली आहे. कोसंबींनी दाखवले की निकायांत ही कथा येते ती महापदान सुत्तात, विपस्सी नावाच्या पूर्वबुद्धाच्या संदर्भात. ती गौतमाच्या चरित्रात नंतर आली. गृहत्यागाचे कारण त्यांनी सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताच्या आधारे सांगितले: शस्त्र उचलणाऱ्या, आपसात झगडणाऱ्या माणसांचे दृश्य, आणि त्यामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला कलह. 'बोधिसत्त्व' या नाटकातही त्यांनी हीच मांडणी ठेवली.

सिंहलमधल्या किती स्थविरांना हे मान्य झाले असते? फार थोड्यांना. मग स्मिथ यांच्या नियमाने हे विधान अग्राह्य. पण विधान करणारा माणूस स्वतः दीक्षा घेतलेला, ध्यान शिकलेला, बुद्धावर आयुष्य वाहिलेला होता. म्हणजे 'अनुयायांना मान्य' याचा अर्थ कोणत्या अनुयायांना? विहारातल्या की अभ्यासिकेतल्या? कालच्या की उद्याच्या? हा नियम अनुयायांना एकमुखी समजतो, आणि परंपरेत आतूनच उठणाऱ्या शंकेला जागा ठेवत नाही. खरे तर कोणत्याही जिवंत परंपरेत चिकित्सेला सर्वांत प्रखर सुरुवात होते ती आतल्या माणसाकडूनच. त्याच्या हाती परक्या पद्धतीची हत्यारे आली की ती चिकित्सा आणखी धारदार होते. तिची किंमतही त्यालाच चुकवावी लागते. 'भगवान बुद्ध'मध्ये बुद्धकाळातल्या श्रमणांच्या मांसाहाराविषयी कोसंबींनी जे लिहिले त्यावर जैन समाजातून तीव्र विरोध झाला. त्यांनी पुराव्यावर बोट ठेवले आणि मत बदलले नाही.

गृहत्यागाविषयीच्या या मांडणीचे पुढे जे झाले ते तत्त्वदृष्ट्या फार महत्त्वाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारली आणि शाक्य-कोलीयांच्या पाण्याच्या वादाला गृहत्यागाचे कारण मानले. कोसंबींच्या मांडणीशी असलेले याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर हाच ग्रंथ महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत पोहोचला. म्हणजे अभ्यासाच्या खोलीतली शंका एका मोठ्या समाजाच्या श्रद्धेचा भाग बनली. आज स्मिथ यांचा नियम इथे लावला तर कोसंबींचे विधान ग्राह्य ठरते आणि सिंहली चित्रांमधली कथा अडचणीत येते. ज्या कसोटीचा निकाल जागेनुसार आणि दशकानुसार उलटतो, ती कसोटी सत्याची नव्हे, सौजन्याची आहे. सौजन्य हवेच, पण त्याला पुराव्याच्या आसनावर बसवू नये.

चिकित्सेने श्रद्धा मरते, ही भीती या उदाहरणाने खोटी ठरते. मात्र उलट बाजूचा दावा, म्हणजे विद्यापीठात आचरणाला काहीच स्थान नको हा, तोही कोसंबींच्या आयुष्याने तितकाच अवघड करून ठेवला आहे. १९३७ मध्ये बिर्लांच्या देणगीतून मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीजवळ, त्यांनी बहुजन विहार उभा केला. तिथे परीक्षा नव्हती, उपस्थितीपट नव्हता. जे ज्ञान वर्गात मांडता येत नव्हते त्याच्यासाठी त्यांना वर्गाबाहेर जागा करावी लागली. आणि शेवटी, 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' लिहिता लिहिता जैनांच्या मारणांतिक उपोषणाचा विचार त्यांना पटला. शरीर आता कामाचे उरले नाही अशा निष्कर्षाला येऊन त्यांनी सेवाग्रामला अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. बौद्ध विद्येच्या पंडिताने बुद्धाने न सांगितलेल्या जैन मार्गाने जावे, यात विसंगती पाहणारे पाहतील. तौलनिक अभ्यास मनापासून केला तर दुसऱ्याचा मार्ग फक्त टिपणात राहत नाही, असेही त्यातून दिसते.

अभ्यास आणि आचरण यांतला हाच प्रश्न पुढे कायद्यापुढेही आला. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली. धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण यांत रेषा काढणे त्यामुळे आवश्यक झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये धर्मांच्या अभ्यासाला ही मनाई लागू होत नाही असे मानले. कायद्यापुरती रेषा पुरेशी आहे. वर्गात ती पुसट होत जाते, विशेषतः महाराष्ट्रात. कोसंबींच्या फर्ग्युसनमधल्या वर्गात बहुधा सवर्ण हिंदू तरुण बसत. पाली ही त्यांच्यासाठी विद्वत्तेची भाषा. १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या पाली वर्गांत बौद्ध समाजातले विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. आता ग्रंथ श्रद्धेचा आहे तो समोर बसलेल्यांसाठी, आणि अध्यापकाला पाठभेद, थर आणि प्रक्षेप त्यांच्यापुढे मांडायचे आहेत. आतला आणि बाहेरचा यांची जागा उलटली आहे. यासाठी लागणारी तयारी कोसंबींच्या शिष्यांत होती. बापटांनी त्याच वाटेने हार्वर्डला जाऊन 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना केली. चिनी भाषांतरातच टिकलेला ग्रंथ पालीशी ताडून पाहणारे हे काम १९३७ मध्ये पुण्यात छापले गेले. पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचे ते पहिले प्राध्यापक झाले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जाबरोबर निधी येतो, केंद्रे निघतात, परिषदा भरतात. सिंहली किंवा ब्रह्मी लिपीतले हस्तलिखित वाचू शकणारे, चिनी-तिबेटी पाठाशी ते ताडून पाहणारे, आणि सगाईंगसारख्या ठिकाणी काही काळ शिष्य म्हणून राहून आलेले अध्यापक विभागांना मिळाले नाहीत, तर हा सगळा खर्च फलकांवरच होईल. शिष्यवृत्तीचा पैसा आधी अशा तरुणांना कोलंबो, रंगून आणि क्योतोला पाठवण्यावर घालावा.